छताला दोन ठोके

१

थाळी दोन गिरक्या घेऊन थांबली. मायक्रोवेव्हमधला दिवा विझला, त्याच्यासोबत छताचा दिवा विझला, फ्रिजची घरघर थांबली. जिन्याखालच्या पेटीतून येणारा तो ‘खट्’ टोरूनला आता इतका पाठ झाला होता की तो यायच्या आधीच तिचे दात आवळले जात.

“पडला,” दिवाणखान्यातून पप्पा म्हणाला.

“कळलं मला.”

“तीन वर्षं वीज शिकतेस म्हणे त्या ट्रॉनहाइमला. आणि चार फिशकेक गरम करता येईनात.”

ती फोनचा टॉर्च लावून जिन्याखाली वाकली आणि खटका वर ढकलला. पप्पाच्या आवाजात काळजी असती तर तिनं सोसलंही असतं. पण त्या आवाजात होतं ते निव्वळ समाधान.

जानेवारी चालू होता. नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या त्या बेटावर सूर्य उगवायला अजून कित्येक दिवसांचा अवकाश होता. दुपारच्या जेवणाच्या वेळेला खिडकीबाहेर निळसर उजेड यायचा आणि कॉफी होईस्तोवर निघून जायचा. टोरून नाताळाला चार दिवसांसाठी म्हणून आली होती. तेवढ्यात पप्पानं शेगडीवर बटाटे ठेवून डुलकी काढली, पातेल्याचा कोळसा झाला, आणि एकट्या म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या सरकारी घरसेवेच्या लोकांनी शेगडीची वीजच तोडायला लावली. आता राइदुन नावाची त्यांची बाई तयार जेवणाचे डबे आणून फ्रिजमध्ये रचून जायची. ते गरम करायचे ते मायक्रोवेव्हमध्ये, दुसरं साधन नव्हतं. मायक्रोवेव्ह चालला तर पप्पा घरात राहणार. नाही चालला तर खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होती आणि राइदुननं ती शुक्रवारपर्यंत अडवून ठेवली होती.

शनिवारी सकाळी टोरूनची बोट होती. परीक्षा तोंडावर आली होती.

जुना मायक्रोवेव्ह बिघडला असेल म्हणून तिनं नवा मागवला. तोही खटका पाडायचा. खटका म्हातारा झाला असेल म्हणून तो बदलला. नवाही पडायचा. न्हाणीघरातून लांब वायर ओढायचं मनात आलं, पण पप्पाच्या पायात वायर म्हणजे संकटाला आमंत्रण. मांडीचं हाड एकदा मोडलं होतं, तेवढं पुरे होतं.

“तू ठोकत नाहीस ना,” पप्पा दारात येऊन म्हणाला. “ठोकलं नाही की पडणारच.”

२

ठोकण्याची गोष्ट अशी होती.

स्वयंपाकघर आणि त्याच्या बरोबर वरची खोली, दोन्ही एकाच खटक्यावर. वरच्या खोलीत मम्मा विणत बसायची. तिला कायम थंडी वाजायची. आजार असा काही नव्हता, पण हाडातच थंडी आहे म्हणायची. भिंतीवरचा हीटर ती सप्टेंबरात लावायची तो मे महिन्यात बंद करायची. खाली मायक्रोवेव्ह लावायचा तर वरचा हीटर थोडा वेळ बंद ठेवावा लागे, नाहीतर खटका पडे. म्हणून खालच्यानं झाडूच्या दांड्यानं छताला दोन ठोके द्यायचे. वर मम्मा हीटर बंद करायची आणि लाकडी तळाच्या सपातीनं जमिनीवर दोनदा आपटायची. म्हणजे बंद झाला, लाव आता. उत्तर आलं नाही तर खालच्यानं जिना चढून वर जायचं, दार उघडायचं आणि चिडून सांगायचं. टोरूनचं अर्धं बालपण तो जिना चढण्यात गेलं होतं. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या छतावर एका जागी खळग्यांचा पुंजका पडला होता, देवी आलेल्या चेहऱ्यासारखा.

दुसरी वायर ओढून घ्यायला एक दिवस पुरला असता. तीस वर्षांत कुणी तो दिवस काढला नाही. घरातल्या थोरांची हीच तऱ्हा, टोरूनला वाटायचं. दुरुस्त करायचं सोडून सवय लावून घ्यायची, आणि मग त्या सवयीला प्रेम म्हणायचं.

मम्मा गेल्या वसंतात गेली. शरद ऋतूत टोरूननं स्वतः ती खोली आवरली. लोकर वाटून टाकली, सपाता जुन्या कपड्यांच्या दुकानात दिल्या, हीटर स्क्रू काढून भंगारात नेऊन टाकला. पप्पा तेव्हा खुर्चीत बसून होता. “तिला लागेल तो,” एवढंच म्हणाला होता.

आता त्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला. ठक्, ठक्. मान वाकडी करून थांबला. त्याला दाराची घंटाही ऐकू यायची नाही, पण थांबला असा की जणू टेलिफोनवर कुणी ‘एक मिनिट हं’ म्हटलंय.

“हं. बंद झाला.”

त्यानं बटण दाबलं. थाळी फिरली, फिरतच राहिली. फिशकेकचा वास सुटला. टिंग.

“योगायोग आहे,” टोरून म्हणाली.

“असू दे. गरम आहे तोवर खा.”

“पप्पा, राइदुनसमोर हे केलंस ना, तर ती लिहून नेईल की म्हातारा बायकोला हाका मारतो. मग मायक्रोवेव्ह चालो न चालो, तुझी रवानगी ठरली. कळतंय का तुला?”

“मी हाक कुठे मारतो? ठोकतो फक्त,” पप्पा काटा उचलत म्हणाला.

३

तिनं रीतसर सुरुवात केली. खटक्यावरची प्रत्येक वस्तू काढली. फ्रिज, कॉफीचं यंत्र, रेडिओ, खिडकीतला कागदी तारा. पेटी उघडून तारेभोवती चिमट्याचा मीटर लावला. हा मीटर तार न कापता सांगतो की तिच्यातून किती वीज वाहतेय. काहीच लावलेलं नाही म्हटल्यावर आकडा शून्य हवा.

शून्य नव्हता. साडेआठच्या आसपास थरथरत होता.

तिनं मीटरमधली बॅटरी बदलली. चिमटा दुसऱ्या तारेवर लावून बघितला, तिथे शून्य. परत या तारेवर साडेआठ. कुठेतरी वीज गळत असती तर दुसरा रक्षक खटका पडला असता. तार कुठे जळत असती तर वास आला असता. साडेआठ अँपियर म्हणजे चांगला मोठा हीटर. कुणीतरी आरामात शेकत बसावं एवढा.

“पप्पा, तू वर काही लावलंयस?”

“माझे गुडघे बघ आणि मग विचार.”

ती वर गेली. खोली तिनं सोडली होती तशीच होती: उघडी फळ्यांची जमीन, भिंतीवर हीटरच्या जागी फिकट चौकोन, त्याखाली रिकामा सॉकेट. सॉकेटमध्ये काही नव्हतं. तिनं तो उघडून आतही पाहिलं. तारा स्वच्छ, घट्ट. चिडून तिनं भिंतीला टेकून उसासा टाकला आणि लगेच बाजूला झाली.

भिंत कोमट होती.

धुरांडं, तिनं स्वतःला सांगितलं. खालच्या लाकडाच्या शेकोटीचं धुरांडं याच बाजूनं वर येत असणार. खाली उतरून तिनं मोजून पाहिलं. धुरांडं घराच्या दुसऱ्या टोकाला होतं. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती मोजायला गेली याचाच तिला राग आला.

लाकडं आणायला बाहेर गेली तेव्हा तिनं वर पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांवर दाट हिमाची नक्षी होती. तिच्या खोलीच्या खिडकीवरही, आतून थोडी वितळलेली. फक्त मम्माच्या खोलीची काच काळी, स्वच्छ होती, आणि तिच्यावरून पाणी ओघळत होतं.

४

“आता ठोक,” जिन्याखाली वाकून टोरूननं ओरडून सांगितलं. डोळे मीटरवर.

“ठोकू नको म्हणालीस ना?”

“आता म्हणतेय ना. ठोक.”

“कॉफी गरम करायचीय का पण? उगाच कशाला त्रास द्यायचा माणसाला?”

“पप्पा.”

ठक्, ठक्.

मीटर साडेआठवर थरथरत होता. घरात शेकोटीतल्या लाकडाशिवाय काही वाजत नव्हतं. मग डोक्यावर, स्वयंपाकघराच्या वरच्या फळ्यांवर, लाकूड लाकडावर दोनदा वाजलं. घाईचं नाही. काम हातातलं ठेवून एखादी बाई उठली तर वाजेल तसं. आणि आकडा शून्य झाला.

थंडीनं लाकडी घरं वाजतात. सगळ्यांनाच माहीत आहे. फळ्या आक्रसतात आणि टणकन आवाज करतात, कधी एकदा, कधी दोनदा. टोरून हे मनात म्हणत असतानाच आकडा पुन्हा साडेआठवर आला, कारण पप्पानं काही लावलंच नव्हतं, आणि वरचं कुणी फार वेळ थंडीत थांबायला तयार नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. बाकी सगळं घर शहाण्यासारखं वागत होतं, आणि त्यातली एक तार तिला जुमानत नव्हती. तिनं खुर्ची ओढली, स्वयंपाकघराच्या छताजवळची जोडपेटी उघडली, जिथून एक तार भिंतीतून वर जात होती. मेन बंद केला आणि ती वर जाणारी तार कापून टाकली. टोकांना टेप गुंडाळला. मेन लावला.

मीटर शून्य. स्थिर.

तिनं मायक्रोवेव्ह लावला. ठोकलं नाही. थाळी फिरली, फिरली, टिंग. पुन्हा लावला. टिंग.

“झालं,” ती म्हणाली. “सुटलास तू झाडूपासून. शनिवारी मी जाते, तू आपला सुखानं खा.”

पप्पा खुर्चीजवळ उभा राहून तुटलेल्या तारेकडे बघत होता.

“आता ती गारठणार,” तो म्हणाला.

“कोण?”

त्यानं तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिनं एखादा मूर्ख प्रश्न विचारला की बघायचा तसं.

“मग ती खाली येईल,” तो म्हणाला आणि लाकडं सारायला निघून गेला.

५

शुक्रवारी जेवणानंतर राइदुन गाडी घेऊन आली. चर्चच्या सभागृहात म्हाताऱ्यांचं वॅफल आणि कॉफी असायचं, तिथे ती पप्पाला घेऊन जाणार होती. परत आणून सोडताना मायक्रोवेव्ह बघणार होती.

“चालतोय?” तिनं विचारलं.

“चालतोय.”

“झाडूशिवाय?”

म्हणजे झाडूचं राइदुनला कळलं होतं. टोरूननं पप्पाकडे पाहिलं. पप्पा बुटाची नाडी बांधण्यात फार गुंतला होता.

“झाडूशिवाय,” टोरून म्हणाली.

गाडीचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. निळा उजेड तोवर सरलाच होता. टोरून वर तिच्या खोलीत गेली, छोटा हीटर लावला आणि सामान भरायला घेतलं. तिची खोली दिवाणखान्याच्या वर, वेगळ्या खटक्यावर. या खोलीचा मायक्रोवेव्हशी काही संबंध नव्हता. नंतर हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त झोंबली.

ती स्कीचे बूट पिशवीत कोंबत होती तेव्हा तिच्या पायाखाली दोन ठोके पडले.

“आलात इतक्यात?” ती ओरडली. “काय विसरलास?”

तिनं खिडकीशी जाऊन पाहिलं. अंगणात गाडी नव्हती. बर्फावर गाडी येऊन गेल्याच्या चाकोऱ्या होत्या, परत आल्याच्या नव्हत्या.

ठक्, ठक्. या वेळी जोरात. लोकरी मोज्यांतून तिच्या तळव्यांना तो धक्का जाणवला. नेमका ती उभी होती तिथेच.

फळ्या, ती म्हणाली. थंडी. खालच्या शेकोटीनं तापून लाकूड फुगतं आणि मग. पण हे ती कुणाला सांगत होती? ती हलली नाही. हीटर तिच्या पोटरीशी मंद टिकटिकत होता. खाली कुणीतरी वाट बघत होतं, आणि उत्तर येत नाही म्हणून चिडत होतं. ते चिडणं तिला ओळखीचं होतं. तिनं स्वतः वर्षानुवर्षं जिन्याच्या तळाशी उभं राहून ते केलं होतं.

उत्तर आलं नाही की खालचा माणूस वर येतो.

जिन्याची पहिली पायरी वाजली.

लाकडाचा तळ, लाकडाची पायरी. टक्. टक्. घाई नाही, पण प्रत्येक पायरीवर थोडा जास्त जोर. दार लावून घ्यावं असं टोरूनच्या मनात आलं. त्या दाराला कडीच नव्हती. या घरात आतल्या कुठल्याच दाराला नव्हती. पावलं जिन्याच्या माथ्याशी आली, मम्माच्या खोलीपाशी थांबली नाहीत, पुढे आली. दाराखालच्या फटीतून गार हवा आत सरकली आणि तिच्या घोट्यांवर बसली.

दाराची मूठ खाली वळू लागली.

टोरूननं हीटरची वायर सॉकेटमधून ओढून काढली. मोज्यांच्या पायांनी आपटून आवाज होणार नव्हता. तिनं हातातला स्कीचा बूट उलटा धरला आणि त्याची प्लास्टिकची टाच जमिनीवर दोनदा हाणली. कडाक्, कडाक्.

मूठ थांबली. मग हळूच वर गेली, जागच्या जागी. पावलं वळली आणि खाली गेली, आता हलकी, काम झाल्यासारखी. थोड्या वेळानं खाली मायक्रोवेव्ह घुमू लागला.

नंतर ती स्वतःला बजावत राहिली की ती शूर नव्हती, फक्त बघितल्याशिवाय राहवलं नाही. ती जिन्याच्या माथ्याशी गेली आणि वाकली. तिथून स्वयंपाकघराच्या दाराची एक फट दिसते, आणि तिच्यात ओट्याचं टोक. दिवा लावलेला नव्हता. उजेड होता तो मायक्रोवेव्हच्या काचेतून येणारा पिवळा. आत रिकामी थाळी फिरत होती.

काचेसमोर कुणीतरी इतकं जवळ होतं की उजेड फक्त कडांनी बाहेर सांडत होता. दोन्ही पंजे काचेवर दाबलेले. बोटांमधून प्रकाश लाल झिरपत होता. मान एका लयीत हलत होती, थाळीच्या फिरण्याबरोबर, आणि कपाळ काचेला घासत होतं, थंडीतून आलेलं मांजर घासतं तसं.

टिंग.

काळोख झाला. दारातून कुणी बाहेर आलं नाही.

टोरून थोड्या वेळानं खाली गेली, घरातला प्रत्येक दिवा लावत. स्वयंपाकघर रिकामं होतं. तिनं मायक्रोवेव्हच्या काचेवर बोट टेकवलं. आत्ताच चाललेल्या त्या यंत्राची काच बर्फासारखी गार होती. जवळ असलेली सगळी ऊब कुणीतरी नेली होती.

तिनं खुर्ची ओढली. मेन बंद केला, कपाळाला टॉर्च बांधला, आणि वर जाणारी तार परत जोडायला लागली. स्क्रू दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा तिनं मोठ्यानं शिवी दिली, आणि तो आवाज ऐकून तिला जरा बरं वाटलं.

६

“हं, दाखव बघू,” राइदुन आत येत म्हणाली. बूट काढून तिनं दाराशी ठेवले, टोरूनच्या भरलेल्या पिशव्यांशेजारी. पप्पाच्या हनुवटीवर जॅम होता.

टोरूनला जे बोलायचं होतं ते तिनं तार जोडतानाच ठरवून टाकलं होतं, कारण विचार केला असता तर बोलली नसती.

“झाडू लागेल,” ती म्हणाली. “लावायच्या आधी छताला दोनदा ठोकायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग लावायचं.”

राइदुननं तिच्याकडे पाहिलं, मग पप्पाकडे. “टोरून, तू मघाशी म्हणालीस...”

“मघाशी चूक झाली.”

“तू इंजिनीअर होणार ना गं?”

“म्हणूनच सांगतेय. वायरिंग जुनं आहे, ठोक्यांच्या हादऱ्यानं जागेवर बसतं. पप्पाच्या डोक्यात काही बिघाड नाही. तो बरोबर करत होता. तुमच्या बाकीच्या बायकांनाही सांग.”

“म्हणजे मी आता छताशी बोलायचं.”

“बोलायचं नाही,” पप्पा म्हणाला. “ठोकायचं फक्त.”

राइदुन हसली. वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या घरात फिरून तिनं याहून विचित्र गोष्टी पाहिल्या असणार. इंजिनीअर मुलगी म्हणते तर तिला तेवढं पुरेसं होतं; वृद्धाश्रमातली खोली दुसऱ्या कुणाला मिळेल. तिनं डबा आत ठेवला, झाडू उचलला आणि खळग्यांच्या पुंजक्यावर दोन ठोके दिले. ठक्, ठक्.

तिघंही वर बघत थांबली.

डोक्यावरच्या फळ्यांवर लाकूड दोनदा वाजलं.

“ऐकलंस? थंडीत ही जुनी घरं कशी बोलतात,” राइदुन म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

“थांब,” पप्पा म्हणाला.

मग दुसरा आवाज आला. जरा बाजूनं, दिवाणखान्याच्या वरून, टोरूनच्या खोलीतून. लाकडाचा नव्हता. कडक, पोकळ, प्लास्टिकचा, आणि थोडासा वैतागलेला. कडाक्, कडाक्.

पप्पाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं हसू आलं.

“दोघींचाही बंद झाला,” तो म्हणाला. “लाव आता.”

थाळी फिरू लागली. खटका पडला नाही. टोरून दारातल्या पिशवीकडे बघत होती. स्कीचे बूट तिनं स्वतः त्यात भरले होते, सगळ्यात वर, आणि चेन जेमतेम लागली होती. ती अजून लागलेली होती. तिनं ती उघडून पाहिली नाही.

“उद्या कितीची बोट आहे तुझी?” पप्पानं विचारलं.

तिला वेळ ठाऊक होती. पण सांगायला तोंड उघडलं तेव्हा पायांना, दोन मोज्यांच्या आत, जमिनीवरची थंडी पहिल्यांदाच इतकी हाडात जाणवली की ती आधी हातांनी पोटऱ्या चोळू लागली, आणि सांगायचं राहून गेलं.